वारा तिथला, ऊन इथलं

(दहावी १९८४ च्या तुकडीचा चाळिसावा स्नेहमेळावा डिसेंबर २०२४ मध्ये पनवेल येथे शाळेच्या सभागृहात झाला. शाळेला द्यायच्या भेटीचा निर्णय होण्याआधी आमच्या एका वर्गमैत्रिणीने केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)

व्यासपीठावरचे आमचे सर, बाई, मुख्याध्यापक, आणि चाळीस वर्षांनीही आपापला जुना बाक शोधून बसलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. विषयही त्यांनीच दिला आहे, आणि तो कसा ठरला हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेला आपल्या तुकडीतर्फे काय द्यायचं यावर दोन महिने व्हॉट्सअॅपवर खल चालला होता. पाण्याचा कूलर, स्टेजचा पडदा, नवी घंटा असं करत करत गाडी विजेवर आली. मग एकाने लिहिलं, "आपल्या वर्गातली मुलगी डेन्मार्कात पवनचक्क्यांचं काम करून आली आहे. शाळेच्या गच्चीवर पवनचक्कीच बसली पाहिजे. लांबून दिसेल." त्याखाली २१ अंगठे. दुसऱ्याने लिहिलं, "सोलर लावा, सरकार पैसे देतंय." त्याला १९ अंगठे. निर्णय आज जेवणानंतर आहे, आणि त्याआधी मी दोन्हींचा हिशोब मांडावा असं ठरलं.

आधीच सांगून टाकते. मी २२ वर्षं वाऱ्याचं मीठ खाल्लं आहे आणि तरीही आज सोलरच्या बाजूने बोलणार आहे. पण "सोलर स्वस्त, पवनचक्की महाग" एवढंच सांगायचं असतं तर ते मी ग्रुपवर लिहून मोकळी झाले असते. ते वाक्य डेन्मार्कात चुकीचं ठरतं, साताऱ्यात अर्धंच खरं ठरतं आणि पनवेलमध्ये बरोबर ठरतं. असं का, ते सांगायला उभी आहे.

सुरुवात एका शाळेपासूनच करते. डेन्मार्कात आस्कोव नावाचं गाव आहे. तिथे शेतकऱ्यांच्या तरुण मुलांसाठी चालवलेली एक निवासी लोकशाळा होती आणि तिथे पॉल ला कूर नावाचे विज्ञानाचे शिक्षक होते. १८९१ मध्ये त्यांनी शाळेच्या आवारात पवनचक्की उभारून तिच्यापासून वीज तयार केली. वारा पडला की वीज बंद, ही अडचण त्यांनाही आलीच. मग त्यांनी त्या विजेने पाण्याचं विघटन करून हायड्रोजन साठवला आणि त्या वायूवर शाळेचे दिवे लावले. आपल्या सरांनी प्रयोगशाळेत हायड्रोजनच्या परीक्षानळीला जळती काडी लावून 'पॉप' असा आवाज काढून दाखवला होता, आठवतंय ना? आस्कोवला तोच 'पॉप' कधी कधी एवढा मोठा व्हायचा की शाळेच्या खिडक्यांच्या काचा फुटायच्या. पण त्यांनी नाद सोडला नाही. उलट खेड्यातल्या मुलांना पवनवीज शिकवायचे वर्ग काढले. त्यातल्या योहानेस यूल नावाच्या विद्यार्थ्याने १९५७ मध्ये गेडसर इथे २०० किलोवॉटची, तीन पात्यांची पवनचक्की उभी केली. आज जगभर दिसणाऱ्या तीन पात्यांच्या चक्क्या तिच्याच वळणाच्या आहेत. म्हणजे एवढा मोठा धंदा उभा राहिला, त्याच्या मुळाशी एक शाळामास्तर आणि त्यांचा विद्यार्थी आहेत. आज सरांच्या समोर हे सांगायला मला बरं वाटतं.

आता हिशोबाकडे वळू. पहिला प्रश्न हजेरीचा.

यंत्रावर लिहिलेलं असतं, १ मेगावॉट. म्हणजे पूर्ण जोराने चाललं तर तासाला १००० युनिटं. वर्षाचे तास ८७६०. रात्रंदिवस चाललं तर ८७ लाख ६० हजार युनिटं व्हायला हवीत. पण पटावर नाव असलेला प्रत्येक मुलगा रोज वर्गात असतो का? नसतो. तसंच हे. ऊन रात्री गैरहजर, वारा त्याच्या लहरीप्रमाणे. वर्षाच्या शेवटी हजेरी किती भरली, यावर सगळं अर्थकारण ठरतं.

डेन्मार्क साधारण ५६ अक्षांशावर आहे, पनवेल १९ वर. भूगोलाच्या बाईंनी पृथ्वीचा गोल आणि टॉर्च घेऊन तिरपे किरण शिकवले होते. ते मला खरे कळले तिथे पोचल्यावर, पहिल्या डिसेंबरात. २१ डिसेंबरला आपल्याकडे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४७ अंश वर असतो. तिथे जेमतेम १०-११ अंश. सकाळी साडेआठच्या पुढे उगवतो आणि दुपारी पावणेचारच्या आत मावळतो. सोलर पॅनेलने वर्षभरात १०० युनिटं दिली तर त्यातली डिसेंबरची दोन किंवा तीन. उलट जूनमध्ये साडेसतरा तासांचा दिवस. तिथे एक मेगावॉट सोलर वर्षाला साधारण १० लाख युनिटं देतं, म्हणजे हजेरी ११ टक्के. जमिनीवरची चांगली पवनचक्की ३३ टक्के, म्हणजे २९ लाख युनिटं. समुद्रातली नवी चक्की ४५ टक्क्यांच्या पुढे. सोलर उभारायला निम्मा खर्च आला, तरी वीज तिपटीने जास्त देणारा वाराच तिथे पुढे राहतो.

दुसरं म्हणजे तिथला वारा हिवाळ्यात जोरात असतो. लोकांना उजेड आणि ऊब हवी तीही हिवाळ्यातच. गरज आणि माल एकाच वेळी बाजारात. म्हणून आज डेन्मार्कच्या विजेतला निम्म्याहून जास्त वाटा वाऱ्याचा आहे आणि सूर्याचा साधारण दहावा. १९७३ च्या तेलसंकटात याच देशाची नव्वद टक्के ऊर्जा परदेशी तेलावर चालत होती आणि रविवारी मोटारी बाहेर काढायला बंदी झाली होती.

दुसरा प्रश्न व्याजाचा. कोळशाच्या केंद्राला रोज कोळसा विकत घ्यावा लागतो. ऊन आणि वारा फुकट. म्हणजे जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी, आणि तो कर्ज काढून. पुढची वीस वर्षं मालक वीज विकतो ती हप्ते फेडायला. माझं काम हेच होतं. मी पाती जोडत नव्हते, बँकांसाठी हे हप्त्यांचे तक्ते मांडत होते. एक कोटीचं कर्ज वीस वर्षांत फेडायचं. व्याज तीन टक्के असेल तर वर्षाचा हप्ता पावणेसात लाखांच्या आत. दहा टक्के असेल तर पावणेबारा लाखांच्या आसपास. यंत्र तेच, वारा तोच, पण वीज पाऊणपट महाग. युरोपात व्याज स्वस्त होतं त्या काळात समुद्रात चक्क्या उभ्या राहिल्या, त्यात वाऱ्याइतकाच बँकेचाही वाटा होता.

तिसरा प्रश्न मी तिथे गेल्यावर शिकले. वीज कधी येते? आपल्या बाजारात सगळ्यांचा टोमॅटो एकाच दिवशी आला की काय होतं? शेतकरी क्रेट रस्त्यावर ओतून घरी जातो. विजेचंही तसंच होतं. तिथे तासातासाला भाव ठरतो. रात्री वादळी वारा सुटला की सगळ्या चक्क्या एकदम वीज ओततात, घेणारा कोणी नसतो आणि भाव शून्याच्याही खाली जातो. म्हणजे वीज घेऊन जा आणि वर पैसेही घ्या. उन्हाळ्यात दुपारी सोलरचं तेच होतं. म्हणून "एक युनिट तयार करायला किती खर्च आला" हा अर्धाच हिशोब झाला. "ते युनिट आलं तेव्हा त्याला गिऱ्हाईक किती होतं" हा उरलेला अर्धा.

डेन्मार्कने यावर शेजारधर्माचा उपाय काढला. नॉर्वेत डोंगर आणि धरणं आहेत. १९७६-७७ पासून समुद्राखालून केबल टाकून दोन्ही देश जोडलेले आहेत. डेन्मार्कात वारा जास्त झाला की वीज नॉर्वेला जाते, तिथे तेवढं पाणी धरणात राहतं. वारा पडला की तिकडून वीज परत येते. मी तिथल्या सहकाऱ्यांना सांगायची, तुमचं नॉर्वे म्हणजे आमचं कोयना.

आणि तरीही सगळं सुरळीत आहे असं समजू नका. याच महिन्यात, डिसेंबर २०२४ मध्ये, डेन्मार्कने उत्तर समुद्रातल्या तीन जागांसाठी ३००० मेगावॉटची निविदा काढली होती, सरकारी मदतीशिवाय. एकही बोली आली नाही. ज्या देशाने १९९१ मध्ये विंडेबी इथे जगातल्या पहिल्या ११ चक्क्या समुद्रात उभ्या केल्या, त्याच देशात! व्याज वाढलं, यंत्रं महागली, आणि वारा असतो तेव्हाच वीज स्वस्त होते, हे बोली लावणाऱ्यांनाही कळतं. मी ती बातमी इथे पनवेलमध्ये आईच्या पलंगाशेजारी बसून वाचली. माझ्या तक्त्यांतला कुठलाही आकडा कायमचा नसतो, एवढं त्यातून पुन्हा एकदा कळलं.

आता आपल्या राज्यात येते. इथे मला थोडं माझ्याबद्दलही बोलावं लागेल.

१९८६ मध्ये, म्हणजे आपण बारावीत असताना, देशातल्या पहिल्या काही पवनचक्क्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर लागल्या. ५५ किलोवॉटची यंत्रं, आणि ती आलेली डेन्मार्कहूनच. पुढे सातारा जिल्ह्यात कोयनेच्या वरच्या पठारांवर, वनकुसवडे, चाळकेवाडी भागात, शेकडो चक्क्या उभ्या राहिल्या. नंतर सांगलीत ढालगावला, धुळ्यात साक्रीकडे ब्राह्मणवेलला. १९९८ मध्ये मी पुण्याच्या एका कंपनीत इंजिनिअर म्हणून लागले आणि साताऱ्याच्या सड्यावर गेले.

त्या चक्क्या का लागल्या, हे सांगायला हवं. वारा होताच. पण त्याहून मोठं कारण आयकरात होतं. चक्की लावणाऱ्याला पहिल्याच वर्षी मोठा घसारा दाखवता यायचा. आधी १०० टक्के, पुढे ८० टक्के. एक कोटी गुंतवले, ८० लाख घसारा दाखवला, ३५ टक्के कर धरला तर पहिल्या वर्षी २८ लाखांचा कर वाचला. म्हणून कापडवाले, सिनेमावाले, औषधवाले असे सगळे पवनचक्कीचे मालक झाले. यंत्र मार्चअखेरच्या आत सुरू झालं पाहिजे, एवढीच त्यांची घाई असायची. किती युनिटं पडतात हे विचारायला मालक क्वचितच सड्यावर यायचा. बक्षीस गुंतवलेल्या रुपयाला होतं, तयार झालेल्या युनिटाला नव्हतं. २००९ च्या शेवटी केंद्र सरकारने युनिटामागे ५० पैसे द्यायला सुरुवात केली, तेव्हा कुठे युनिटं मोजायची गोडी लागली. घसाऱ्याची सवलत २०१२ मध्ये थांबली, २०१४ मध्ये परत आली आणि २०१७ पासून ४० टक्क्यांवर उतरली.

त्या दिवसांतली एक गोष्ट मी फार कमी लोकांना सांगितली आहे. एका गावात देवळाच्या पारावर बैठक होती. जमिनी घ्यायच्या होत्या आणि गावकऱ्यांशी बोलायला मला पाठवलं होतं, कारण मुलगी बोलली की लोक ऐकतात. एका आजींनी विचारलं, "ह्या पंख्याची लाइट आमच्या घरात येनार का गं पोरी?" मी म्हटलं, "येणार की आजी." ते अगदीच खोटं नव्हतं. वीज जाळ्यात जाते, जाळ्यातून सगळ्यांना मिळते, असं मी मनात म्हटलं. जमिनी गेल्या. भाव त्या वेळच्या कातळाचा मिळाला.

२००१ मध्ये लग्नानंतर मी डेन्मार्कला गेले. २००६ मध्ये सुट्टीत आले तेव्हा मुद्दाम त्या गावाला गेले. राज्यभर लोडशेडिंगचे दिवस होते. सड्यावर चक्क्या फिरत होत्या आणि गावात दहा-दहा तास वीज नव्हती. आजी ओट्यावर पदराने वारा घेत बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं. रागावल्या नाहीत. वर बोट दाखवून एवढंच म्हणाल्या, "भायरचा पंखा फिरतोय बघ. घरातला न्हाई फिरत." मी चहा घेऊन निघाले. त्या वाक्याला उत्तर देता येईल असा एकही तक्ता माझ्याकडे नव्हता, आजही नाही.

आपल्याला हे नवीन नाही म्हणा. इथून जवळ खोपोलीत १९१५ पासून पाण्यावर वीज तयार होते. ती मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. घाटाखालच्या गावांत कंदील आणि चिमण्या पुढे कित्येक वर्षं होत्याच.

कोपनहेगनसमोरच्या समुद्रात मिडेलग्रुंडन नावाची २० चक्क्यांची रांग आहे, २००० साली उभारलेली. तिची निम्मी मालकी एका सहकारी संस्थेकडे आहे, साडेआठ हजारांहून अधिक सभासद. एक शेअर म्हणजे वर्षाला साधारण १००० युनिटांचा वाटा. किनाऱ्यावर फिरायला आलेले आजोबा नातवाला बोट दाखवून सांगतात, त्यात आपलाही तुकडा आहे. पुढे २००९ च्या कायद्याने काही वर्षं असाही नियम होता की नव्या चक्कीतले किमान २० टक्के शेअर आसपासच्या रहिवाशांना देऊ करायचे. साखर कारखाने आणि दूधसंघ काढणाऱ्या महाराष्ट्राला ही कल्पना सुचायला नको होती का? मिडेलग्रुंडनच्या सभासदांची यादी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला त्या आजी आठवल्या. म्हणून माझ्या हिशोबात चौथा प्रश्न आला. वीज कुणाची? पैसा कुणाच्या घरात जातो?

आता हे चारही प्रश्न आपल्या इथे लावू.

हजेरी. सड्यावरच्या जुन्या, बुटक्या चक्क्यांची हजेरी २० टक्क्यांच्या आतबाहेर. म्हणजे मेगावॉटला १७ लाख युनिटं. आणि महाराष्ट्रातल्या उन्हात सोलरची वीजही मेगावॉटला १६-१७ लाख युनिटं! डेन्मार्कात वारा तिपटीने पुढे होता, इथे दोघे बरोबरीत. पण आजच्या भावाने मेगावॉटभर सोलर उभारायला चार-साडेचार कोटी लागतात, आणि पवनचक्कीला सात-आठ कोटी. सारखाच माल द्यायला जवळजवळ दुप्पट भांडवल. आपल्याकडचं महाग व्याज त्याच्या डोक्यावर. लिलावांत हेच दिसलं. २०१० मध्ये केंद्राच्या पहिल्या सौर लिलावात सर्वात कमी बोली युनिटाला १० रुपये ९५ पैसे होती. २०१७ मध्ये राजस्थानात भडला इथे ती २ रुपये ४४ पैशांवर आली. वाऱ्याचा पहिला लिलाव त्याच वर्षी ३ रुपये ४६ पैशांना झाला आणि वर्ष संपता संपता गुजरातेत २ रुपये ४३ पैशांपर्यंत उतरला. म्हणजे खूप उंच, लांब पात्यांच्या नव्या चक्क्या चांगल्या जागी लावल्या तर वारा अजूनही सोलरच्या बरोबरीने उभा राहतो.

आणि राज्याला तो लागणारच आहे. आपला वारा जून ते सप्टेंबरात जोरात असतो. ढग येऊन सोलर मंदावतं तेव्हाच सड्यावर चक्क्या गरगरतात. संध्याकाळी सात ते दहा सगळ्या घरांत दिवे, पंखे, मिक्सर चालू असतात तेव्हा सूर्य घरी गेलेला असतो. नुसत्या सोलरवर राज्य चालणार नाही. वारा, कोयनेसारखी धरणं आणि बॅटऱ्या सगळं लागेल. तेव्हा उद्या कोणी मला विचारलं की महाराष्ट्राने पवनचक्क्या लावाव्यात का, तर मी हो म्हणेन. फक्त सड्यावरच्या गावाला त्यात वाटा द्या, हे आधी म्हणेन.

पण आज प्रश्न राज्याचा नाही, शाळेच्या गच्चीचा आहे.

वाऱ्याचा वेग निम्मा झाला तर त्याची ताकद निम्मी होत नाही, आठव्या हिश्श्यावर येते. छोट्या चक्कीवर लिहिलेली क्षमता सेकंदाला ११-१२ मीटर वाऱ्यासाठी असते. पावसाळ्यातले काही दिवस सोडले तर आपल्या गच्चीवर त्याच्या निम्माही वारा नसतो. त्यातून चारी बाजूंना इमारती उठल्या आहेत. त्यांना आपटून वारा भोवऱ्यासारखा फिरतो, चक्कीची दिशा सारखी बदलते, खांब थरथरतो आणि ती थरथर आपल्या जुन्या स्लॅबमध्ये उतरते. लांबून दिसेल हे खरं. बहुतेक वेळा उभी दिसेल.

सोलरचं बघा. मुख्याध्यापकांनी मला वर्षभराची बिलं दिली. शाळेला वर्षाला साधारण साडेसोळा हजार युनिटं लागतात. पंखे, ट्यूब, संगणक कक्ष आणि पाण्याचा पंप. १० किलोवॉट सोलरला गच्चीवर हजारेक चौरस फूट जागा लागेल. पाण्याच्या टाकीची आणि पिंपळाची सावली सोडून तेवढी जागा आहे, मी मोजून आले. किलोवॉटला दिवसाला सरासरी चार युनिटं धरली तर वर्षाला सुमारे १४,००० युनिटं. म्हणजे गरजेपेक्षा थोडी कमी, आणि तशीच हवी. कारण मार्चअखेर हिशोब होतो तेव्हा उरलेल्या युनिटांना फार कमी भाव मिळतो. खर्च सव्वापाच लाखांच्या आसपास. युनिटाला ८ रुपये धरले तर वर्षाला एक लाख बारा हजार वाचतात. पाच वर्षांत पैसे वसूल, आणि पॅनेलचं आयुष्य पंचवीस वर्षांचं.

वेळही जुळते. शाळा भरते त्या वेळेत सूर्य जागेवर असतो. रात्रीचा प्रश्नच नाही. एप्रिल-मेमध्ये शाळा बंद आणि ऊन कडक, मग ती वीज वाया जाईल, असं मला एकीने विचारलं. वाया जात नाही. नेट मीटरमध्ये ती युनिटं जमा होतात. हिशोबाचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, म्हणजे उन्हाळ्याची कमाई जून-जुलैच्या ढगांत वापरता येते. आपल्या आज्या उन्हाळ्यात पापड-कुरडया करून पावसाळ्याची बेगमी करायच्या, तसंच.

काही गोष्टी आत्ताच स्पष्ट सांगते, म्हणजे नंतर कोणी मला बोल लावायला नको. एक, "सरकार पैसे देतंय" ते घरांसाठी. २०२४ च्या सूर्यघर योजनेत घराला १ किलोवॉटला ३० हजार, २ ला ६० हजार आणि ३ किंवा त्याहून जास्त असेल तर ७८ हजार रुपये मिळतात. तुमच्या स्वतःच्या घरासाठी जरूर घ्या. शाळेच्या हिशोबात मी ते धरलेले नाहीत. दोन, लाइट गेली की हे सोलरही बंद पडतं. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून ते तसं बनवलेलं असतं. लोडशेडिंगवरचा उपाय म्हणून त्याकडे पाहू नका. तीन, ३ जून २०२० चं निसर्ग वादळ रायगडने पाहिलं आहे. किती घरांचे पत्रे उडाले ते तुम्ही विसरला नसाल. तेव्हा पॅनेलच्या सांगाड्यात आणि नट-बोल्टांत पैसे वाचवायचे नाहीत. चार, आपल्याकडे धूळ फार आणि कबुतरंही फार. पावसाळा सोडून दर पंधरा दिवसांनी पॅनेल धुवायला हवीत. मळलेलं पॅनेल म्हणजे वर्गात बसून झोपलेला मुलगा. हजेरी लागते, डोक्यात काही जात नाही.

आपल्याकडे सव्वासहा लाख जमले आहेत. माझी सूचना अशी की सव्वापाच लाखांत संच बसवावा आणि उरलेला एक लाख शाळेच्या नावावर ठेव म्हणून ठेवावा. दहा-बारा वर्षांनी इन्व्हर्टर बदलावा लागेल, तोपर्यंत ती ठेव वाढलेली असेल. भेटवस्तू देणारे खूप असतात, दुरुस्तीचे पैसे देणारे नसतात. शाळेच्या मागच्या खोलीत बंद पडलेला टीव्ही आणि दोन संगणक आहेत, तेही कुणीतरी प्रेमानेच दिलेले असतील.

आणि चौथा प्रश्न, वीज कुणाची. वाचलेले पैसे शाळेच्या सर्वसाधारण खर्चात मुरून जाऊ नयेत. ते प्रयोगशाळेसाठी वापरले जातील, असा ठराव शाळेने करावा. मुख्याध्यापकांशी मी बोलले आहे, त्यांची हरकत नाही. देणगीदारांच्या नावांची पाटी हवी असेल तर लावा, पण छोटी. तिच्याऐवजी मीटर खाली जिन्यापाशी लावा आणि शेजारी एक वही टांगा. नववीच्या मुलांनी रोज आकडा लिहायचा. ढग होते, ऊन होतं, पॅनेल धुतली, नाही धुतली, तेही लिहायचं. वर्षाच्या शेवटी त्यांना कळेल की सूर्य किती दिवस हजर होता. बाईंनी गोल आणि टॉर्च घेऊन जे शिकवलं ते मुलांच्या अक्षरांत तिथे दिसेल. आणि घरातला पंखा कशावर फिरतो, हे त्यांना कुणाला विचारावं लागणार नाही. मला विचारलं गेलं होतं तेव्हा मी अर्धं उत्तर दिलं होतं. पूर्ण उत्तर द्यायला मला या शाळेची गच्ची मिळाली तर फार बरं वाटेल.

माझी वीस मिनिटं संपली आहेत आणि मागून आमटीचा वास येतोय. जेवणानंतर मत द्यायचं आहे. या वेळी अंगठे नकोत. वर्गात उत्तर यायचं तेव्हा करायचो तसे हात वर करा, सरांना मोजता येतील असे.